बांधलेलं भूत

पडलेलं चिंचेचं झाड चिरायला परशरामनं ट्रॉलीवरची फिरती करवत आणली, पण तिला पातं कुठलं लावावं तेच त्याला कळेना. बारीक दातांचं लावलं, तुटलं. रुंद दातांचं लावलं, तेही तुटलं. दुकानदारानं भारी म्हणून दिलेलं पातं तर ओंडक्यात शिरताच कडकन मोडलं. आता एक साधंच पातं उरलं.

"चिंचेतलं भूत पाती तोडतंय," केरबा भगत मिशी पिळत म्हणाला. "बोकड द्या, नाहीतर करवतही जाईल."

माणसं मागं सरली. परशराम बावरून बायकोकडं बघू लागला. तशी गोदाक्का पुढं झाली.

"भगतबुवा, दर अवसेला तुम्ही या चिंचेत खिळे ठोकायचात, ते कशाला?"

"भूत बांधायला! माझा खिळा कधी सुटत नाही."

"मग बांधलेलं भूत पाती कसं तोडेल? आणि सुटलं असेल, तर तुमचे खिळे आत ठेवायचे कशाला?"

गोदाक्कानं केरबाच्या हातात छिन्नी आणि पक्कड दिली.

"काढा. कुठं कुठं ठोकलेत, ते तुम्हालाच ठाऊक."

दिवस मावळायच्या आत ते साधं पातं चिंचेतून आरपार गेलं.