तळ्याची तीट

डोंगराच्या पायथ्याशी, एका तळ्याच्या काठच्या उंच लव्हाळ्यांत एक पाणकोंबडी राहत असे. पावसाळा सरत आला होता आणि ती अंडी उबवत बसली होती. तळ्याचा कारभारी होता पांढराशुभ्र बगळा. एके सकाळी तो आपल्या कातळावरून गरजला, "हिवाळ्यात उत्तरेकडची रानबदके पाहुणी येणार! तळे कसे आरशासारखे दिसले पाहिजे. हे गबाळे गवत उपटा!" लव्हाळ्यांचे कंद खायला मिळणार म्हणून रानडुक्कर आनंदाने कामाला लागला.

"बगळेराव, माझे घरटे आहे हो तिथे!" पाणकोंबडी कळवळली.

"मग झाडावर बांध. आम्ही नाही का राहत?"

"तुमची पिल्ले घरट्यात बसून खातात. माझी अंड्यातून बाहेर पडली की पोहायला निघतात. झाडावर कुठे पोहतील?"

बगळा नुसताच हसला. मुलांनो, सारा काठ उघडा झाला आणि डुकराचे नाक घरट्याशी येऊन टेकले. पाणकोंबडीने पंख पसरले. ती तसूभरही हलली नाही. "आधी मला उपट, मग लव्हाळी!" डुकराने अंड्यांकडे पाहिले आणि कान पाडले. "जाऊ दे. माझेही पोट भरलेय."

"राहू दे तेवढे बेट," बगळा म्हणाला. "तळ्याला तीट लावली समजू!"

चार दिवस आरसा झकास चमकला. पण धरून ठेवणारी मुळेच गेल्यावर काठाची माती पाण्यात ढासळू लागली. तळे काढ्यासारखे गढुळले, मासे दिसेनासे झाले, बगळ्याचे पाय चिखलाने बरबटले. हिवाळ्यात रानबदके आली, घिरट्या घालू लागली. "हे कसले डबके? चला पुढे!" बगळ्याची मान खाली गेली. इतक्यात लव्हाळ्यांच्या बेटातून पाणकोंबडी पिल्लांसह बाहेर आली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "इकडे या, लव्हाळ्यांनी गाळ अडवलाय, इथले पाणी नितळ आहे!" बदकांनी पाहिले आणि सगळा थवा त्या एवढ्याशा जागेत दाटीवाटीने उतरला. उपाशी बगळाही तिथे आला. पाण्यात मासे होते आणि त्याचा स्वतःचा चेहराही लख्ख दिसत होता.

"चुकलो, बाई," तो पुटपुटला. "आता सगळीकडे लव्हाळीच लावू."

"सगळीकडे नको," पाणकोंबडी म्हणाली. "तुमच्या कातळासमोर मोकळी जागा ठेवू. शोभा काय मला आवडत नाही?"

मग डुकराने काठ उकरला आणि पाणकोंबडीने बेटातले कंद रोवले. "एखादा पोटात गेला तर रागावू नकोस हं," तो म्हणाला. पुढच्या हिवाळ्यात बदकांनी तळे भरून गेले. कातळासमोरच्या नितळ पाण्यात बगळ्याचे पांढरे प्रतिबिंब पडले होते आणि त्याच्या मधोमध पाणकोंबडीची नवी पिल्ले रांगेने, दिमाखात पोहत चालली होती. बगळा मोठ्याने म्हणाला, "पाहा पाहुण्यांनो, आमच्या तळ्याचा खरा थाट!"

तात्पर्य : जिवांचा निवारा राखून केलेली सजावटच टिकते, तो मोडून आणलेली शोभा चार दिवसांत गढुळते.