कॅलेंडरामागे थेंब आला कुठून?

एक होतं कॅलेंडर. कॅलेंडरामागे होती भिंत. आणि दोघांच्या मधे, अगदी चपटं, अगदी कोरडं, होतं पिटुकलीचं घर.

पिटुकली कोण?
पिटुकली म्हणजे एवढीशी पाल. बोटाएवढी. तेही घरातल्या छोट्या बकुळच्या बोटाएवढी!

पिटुकली दिवसभर झोपायची. मधेच म्हणायची, "चुक चुक." पुन्हा झोपायची.

एकदा काय झालं? बाहेर पाऊस. धो धो धो.
आणि आत?

टप्!

पिटुकलीच्या डोक्यावर थेंब! पिटुकली दचकली. तिची शेपटीसुद्धा दचकली.

टप्!

"अगंबाई! माझं घर ओलं!"

तेवढ्यात बकुळची आई आली. हाताला कणीक.
"अहो, बघा ना! कॅलेंडर भिजतंय."
"खिडकीतून येत असेल पाणी," बाबा म्हणाले.
"खिडकी तिकडे, पाणी इकडे. उडी मारून येतं का?"
"थांब, खिडकीला पट्टी चिकटवतो."
"चिकटवा. पोळ्या झाल्या की मी कॅलेंडर काढून टाकते."
"नको!" बकुळ ओरडली. "त्यात माझा वाढदिवस आहे. लाल गोलातला!"

पिटुकलीनं ऐकलं. कॅलेंडर काढलं, तर घरच गेलं!
पण पाणी येतं कुठून?
बघायलाच हवं.

पिटुकली निघाली. सरसर सरसर.

खिळ्यावर थेंब लोंबत होता. गोल गोल. आता पडतो, मग पडतो.

"थेंबा, थेंबा, थांब ना!
थेंब थांबला, तर माझं घर राहील."

थेंब म्हणाला, "मी नाही बाई थांबणार! ओली भिंत मला ढकलते. आधी भिंत सुकू दे."

पिटुकली निघाली. सरसर सरसर.

भिंतीला पाय लावला. ई! गारगार! पिटुकली दचकली.

"भिंती, भिंती, सुक ना!
भिंत सुकली, तर थेंब थांबेल.
थेंब थांबला, तर माझं घर राहील."

भिंत म्हणाली, "मी नाही बाई सुकणार! छत माझ्यावर पाणी सोडतं. आधी छत सुकू दे."

पिटुकली निघाली. सरसर सरसर. वर, वर, वर. आता पाय वर, पाठ खाली!

"छता, छता, सुक ना!
छत सुकलं, तर भिंत सुकेल.
भिंत सुकली, तर थेंब थांबेल.
थेंब थांबला, तर माझं घर राहील."

छत म्हणालं, "मी नाही बाई सुकणार! वर गच्चीत फट आहे. ती पाणी आत सोडते. आधी फट बुजू दे."

फट? कुठे आहे फट?
इथे ओलं. पुढे ओलं. पंख्याच्याही पुढे ओलं!
"अय्या! पाणी चालत चालत येतं?"

पिटुकली ओल्या रेघेमागे निघाली. सरसर सरसर. झरोक्यातून बाहेर. भिंतीवरून वर. गच्चीत!

पाऊस थांबला होता. पाण्याच्या टाकीजवळ होती फट. काळी, लांब. आतून आवाज, गुडूप गुडूप. पिटुकली दचकली. पण तिनं डोकावून पाहिलंच.

"फटी, फटी, बुज ना!
फट बुजली, तर छत सुकेल.
छत सुकलं, तर भिंत सुकेल.
भिंत सुकली, तर थेंब थांबेल.
थेंब थांबला, तर माझं घर राहील."

फट म्हणाली, "मी नाही बाई बुजणार! माझ्यात रोप उभं आहे. आधी रोप हलू दे."

खरंच की! फटीत होतं उंबराचं रोप. पानं चार. ऐट मोठी!

"रोपा, रोपा, हल ना!
रोप हललं, तर फट बुजेल.
फट बुजली, तर छत सुकेल.
छत सुकलं, तर भिंत सुकेल.
भिंत सुकली, तर थेंब थांबेल.
थेंब थांबला, तर माझं घर राहील."

रोप म्हणालं, "मी नाही बाई हलणार! हलून जाऊ कुठे? तुला घर हवं, मला नको? आधी अंगणात खड्डा होऊ दे."

पिटुकलीनं मान डोलावली. हो की. रोपालाही घर हवं.

पिटुकली निघाली. सरसर सरसर. खाली, खाली, खाली. अंगणात माती. मऊ मऊ, ओली ओली.

"माती, माती, खड्डा कर ना!
खड्डा झाला, तर रोप हलेल.
रोप हललं, तर फट बुजेल.
फट बुजली, तर छत सुकेल.
छत सुकलं, तर भिंत सुकेल.
भिंत सुकली, तर थेंब थांबेल.
थेंब थांबला, तर माझं घर राहील."

माती म्हणाली, "मी नाही बाई खड्डा करणार! आपला आपण खड्डा होतो का कुठे? आधी खुरपं चालू दे."

खुरपं होतं पायरीवर. आडवं, आळशी.

"खुरप्या, खुरप्या, चाल ना!
खुरपं चाललं, तर खड्डा होईल.
खड्डा झाला, तर रोप हलेल.
रोप हललं, तर फट बुजेल.
फट बुजली, तर छत सुकेल.
छत सुकलं, तर भिंत सुकेल.
भिंत सुकली, तर थेंब थांबेल.
थेंब थांबला, तर माझं घर राहील."

खुरपं म्हणालं, "मी नाही बाई चालणार! मला कुठे पाय आहेत? आधी कुणाचा तरी हात लागू दे."

हात! हात तर घरात!

पिटुकली पळाली. सरसर सरसर सरसर!

बाबा खिडकीला पट्टी चिकटवत होते. आईची शेवटची पोळी फुगली. फुस्स! आईनं हात पुसले. आई आली. आईचा हात कॅलेंडरला लागला...

"हाता, हाता, लाग ना!
हात लागला, तर खुरपं चालेल.
खुरपं चाललं, तर खड्डा होईल.
खड्डा झाला, तर रोप हलेल.
रोप हललं, तर फट बुजेल.
फट बुजली, तर छत सुकेल.
छत सुकलं, तर भिंत सुकेल.
भिंत सुकली, तर थेंब थांबेल.
थेंब थांबला, तर माझं घर राहील!"

पण आईला काय ऐकू आलं?
"चुक चुक चुक चुक चुक."

"ई! पाल!" आई दचकली. हात मागे!

बकुळ मात्र बघत राहिली.
"आई, ती वर चालली. ओल्या ओल्यावरून चालली! आता बाहेर गेली! चल ना!"

पुढे पिटुकली. सरसर सरसर.
मागे बकुळ. टुणटुण टुणटुण.
मागे आई. मागे बाबा, हातात पट्टी.
सगळे गच्चीत!

"अगंबाई, उंबर!" आई म्हणाली. "हा कधी उगवला?"
बाबांनी डोकं खाजवलं. "गेल्या वर्षीच. उंबर उपटत नाहीत ना, म्हणून नमस्कार केला."
"आणि?"
"आणि... उन्हाळाभर रोज तांब्याभर पाणी घातलं."
"अहो! म्हणून एवढा माजलाय! आणि फट बघा केवढी!"
"पण उपटायचा नाही हं," बाबा म्हणाले.

बकुळ म्हणाली, "उपटायचा नाही. अंगणात न्यायचा. हळूच."

आई हसली. खाली उतरून पायरीवरचं खुरपं उचललं.

आणि मग?

हात लागला. खुरपं चाललं. खर् खर् खर्.
खड्डा झाला.
रोप हललं. हळूच, मुळासकट, मातीच्या घरात गेलं.
बाबांनी घमेल्यात सिमेंट कालवलं. थाप थाप थाप. फट बुजली.
दोन दिवस ऊन पडलं. छत सुकलं.
भिंत सुकली.
थेंब थांबला.

आणि कॅलेंडर? कॅलेंडर तिथेच!

मग आला लाल गोलातला दिवस. बकुळचा वाढदिवस. आणि आला पाऊस. धो धो धो!

आई वर बघते. बाबा वर बघतात. बकुळ कान देते.
टप्?
नाही.
टप्?
नाही!

कॅलेंडरामागून आवाज आला,
"चुक चुक."

बकुळ म्हणाली, "शू! पिटुकली झोपलीय."

पाऊस राहिला बाहेर, पिटुकली राहिली घरात, आणि गोष्ट येऊन बसली तुमच्या कानात.