दहा अंकांचं सावधान

"लग्नाचा एक फोटो, आणि चाळीस रुपये!" येसू कुंभाराने कपाळावर हात मारला. "वर त्या शहरातल्या फोटोवाल्याला दोन बैलगाड्या. एक त्याला, एक त्याच्या पेटीला! जेवणात कोंबडी ती वेगळीच. अगं गोजरा, तेवढ्यात तुझं लगीन दोनदा होईल!"

"मला एकदाच करायचंय," गोजरा म्हणाली. "पण फोटो पायजे."

का पाहिजे, ते येसूला ठाऊक होतं. गेल्या पावसाळ्यात गोजराचा थोरला भाऊ हणमा तीन दिवसांच्या तापाने गेला. त्याचा एकही फोटो नव्हता. गोजरा डोळे मिटून त्याला आठवायची. कान दिसायचे, हसू दिसायचं, पण नाक काही केल्या सापडायचं नाही! आता जी माणसं उरली होती, ती तरी तिला कागदावर धरून ठेवायची होती.

कळमदरी संस्थानात कॅमेरा एकच, आणि तो खुद्द फत्तेजीराव महाराजांचा. महाराजांना फोटोचं भारी वेड. पण त्या काळचा कॅमेरा तो! झाकण काढलं की दहा अंक मोजेपर्यंत समोरच्याने हलायचं नाही. हलला, की फोटोत त्याचा धूर व्हायचा. महाराजांच्या भिंतीवर आठ पायांचा घोडा टांगलेला होता आणि शेजारी दोन डोक्यांच्या राणीसाहेब!

गोजरा बापाला घेऊन थेट राजवाड्यावर गेली.

"लग्नाचा फोटो?" महाराज गरजले. "आमच्या राणीसाहेब दहा अंक गप्प बसत नाहीत, तिथे तुझं वऱ्हाड उभं राहणार? किती माणसं?"

"दीडशे, म्हाराज. पोरं सोडून."

"अशक्य!"

"मग लावा पैज!"

दिवाण त्र्यंबकपंतांना ठसका लागला. महाराजांना मात्र चेव चढला. "लावली! तुझ्या वऱ्हाडातलं एकही माणूस न हलता फोटो निघाला, तर फुकट. आणि एक जरी हललं, तर तुझ्या बापाने वर्षभर राजवाड्याला फुकट माठ द्यायचे!"

येसू मटकन खाली बसला.

"कबूल," गोजरा म्हणाली. "पण कुणी कुठं उभं राहायचं, ते मी ठरवणार."

लग्नाच्या दिवशी भर दुपारी महाराज तीन पायांचा कॅमेरा घेऊन मांडवात हजर झाले. बरोबर दिवाण होतेच. ते फोटोत यायच्या हौसेने पगडी नि चष्मा सारखा करत पहिल्या रांगेत घुसले. फोटो उमटवायच्या काचा होत्या दोनच, एका फोटोला एक.

"खबरदार! कोणी हलू नका!" महाराज ओरडले.

झालं! हलतंय कोण ते बघायला दीडशे माणसांनी माना वळवल्या. पहिली काच वाया गेली.

"हरलीस!" महाराज म्हणाले.

"तो तुमचा हुकूम होता, म्हाराज," गोजरा म्हणाली. "माझा अजून व्हायचाय. धोंडभट, तुम्ही इकडनं उठा आन् कॅमेऱ्याच्या मागं उभे राहा."

"अगं, नवरा-नवरी इथे, आणि भटजी तिथे?"

"तुमच्या आवाजानं वेशीपलीकडच्या म्हशी उठतात. दहा पावलांवरनं आमचं लगीन लागणार न्हाई व्हय?"

धोंडभट खूश झाले. गोजरा त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि हार घेऊन अंतरपाटाआड उभी राहिली.

मंगलाष्टकं सुरू झाली. एक झालं, दोन झाली, शेवटचं आलं. अंतरपाट खाली आला. सगळ्यांनी अक्षतांच्या मुठी वर केल्या. महाराजांनी झाकण काढलं.

"शुभमंगल साऽऽऽऽ"

एक. दोन. तीन.

"ऽऽऽऽऽ"

पुढचं 'वधान' काही येईना! ते आल्याशिवाय अक्षता टाकायच्या कशा? दीडशे मुठी हवेत अडकल्या. दीडशे माणसं डोळे फाडून भटजींच्या तोंडाकडे, म्हणजे नेमकी कॅमेऱ्याकडे बघत राहिली. पाच. सहा. नवरदेवाच्या नाकावर माशी बसली, तरी तो तसाच! एक रडकं पोर रडायचं विसरून आ वासून थांबलं. आठ. धोंडभट पिकल्या मिरचीसारखे लाल झाले. नऊ. दहा!

महाराजांनी झाकण लावलं.

"वधाऽन!"

अक्षतांचा पाऊस पडला, आणि धोंडभट कॅमेऱ्यामागेच आडवे झाले.

चौथ्या दिवशी फोटो तयार झाला. महाराज भिंग लावून एकेक तोंड तपासत होते. समोर गोजरा आणि येसू उभे होते.

"ही जागा मोकळी का? नवरीच्या मागे सगळे दाटीवाटीने उभे, आणि मध्येच भोक! इथला माणूस पळाला!"

"पळाला न्हाई, म्हाराज. ती हणमादादाची जागा. नवरीच्या हातात लाह्या द्यायला भाऊ लागतो, म्हणून त्याला मागंच उभं केलंय. सगळ्या वऱ्हाडात तोच एक अगदी पहिल्यापासनं हलला न्हाई."

महाराजांनी भिंग खाली ठेवलं. येसूने उपरण्यात नाक शिंकरलं.

मग महाराजांनी घसा खाकरून पुन्हा भिंग उचललं, आणि एकदम ओरडले, "पण हा बघ! पहिल्या रांगेत! याला तीन नाकं! हा हलला! काढा माठ!"

गोजराने वाकून पाहिलं. "म्हाराज, त्या तीन नाकांवर तीन चष्मे बी हायेत. आमच्या अख्ख्या वऱ्हाडात एक चष्मा न्हाई! हे तुमचे दिवाणसाहेब. वऱ्हाड माझं, दिवाण तुमचे. माठ त्यांच्याकडनं घ्या!"

महाराज इतके हसले, की भिंग हातातून पडून फुटलं! त्यांनी गोजराला चांदीच्या चौकटीत फोटो दिला, येसूला राजवाड्याच्या माठांचं रोख दामाचं काम दिलं, आणि धोंडभटांना बसलेल्या घशासाठी शेरभर तूप धाडलं.

"आणि त्र्यंबकपंत, तुम्ही उद्या कुंभारवाड्यात जायचं. एक तरी माठ घडवल्याशिवाय परत यायचं नाही!"

पंत गेले. दिवसभर चाकावर बसले. संध्याकाळी त्यांनी जो माठ आणला, त्याला म्हणे तीन तोंडं होती!