साळोबाचा एकच नियम

डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. एका गुहेतून तीन आवाज येत: शीळ, हुंदका आणि धपधप. साळोबा नावाचं साळिंदर कधी आत गेलं नव्हतं. पण गुहेच्या तोंडाशी बारा वर्षं प्रत्येक आवाजासाठी खड्यांची एक ओळ मांडून त्याने तिन्ही आवाजांचा एकच नियम शोधला होता.

"सगळा वाऱ्याचाच खेळ आहे," साळोबा येईल त्याला सांगे. "घाबरायचं कारण नाही."

गुहेतच जन्म गेलेल्या वाघूळकाकीने छताला लटकून खडे निरखले. "मांडणी देखणी आहे रे. पण वारा नसतानाही आत धपधप होते. तिचं काय?"

"ते किरकोळ आहे. एक खडा वाढवतो." त्याने खडा ठेवला, तशी शीळ दाखवणारी ओळ विस्कटली.

"मग वारा पडल्यावर काय होईल ते आधी सांग. ताडून पाहू."

"गुहा गप्प होईल," साळोबा ठामपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वारा पडला. जमलेले प्राणी कान टवकारून उभे होते. शीळ थांबली, हुंदका थांबला. आणि आतून धपधप आली. मग पुन्हा, जरा जवळून.

ससे, भेकरं, कोल्हे पळत सुटले. "अरे, ऊठ! चुकलंय तुझं, एवढंच!" काकी ओरडली.

साळोबा गुहेकडे पाठ करून भराभर खडे हलवत होता. "चुकलं नाही," तो पुटपुटला. "एकच खडा कमी पडतोय."

धपधप त्याच्या पाठीशी येऊन थांबली. खड्यांवर सावली पसरली. त्या अंधारातही तो चाचपडत खडा शोधत राहिला.