एकातून दीड

“समतोलाला हायड्रोजन किती उरला, असं मला विचारता, बाई? अहो, हे गणित अख्ख्या राजापुरात माझ्याइतकं कुणी सोडवलं नसेल…” धाकू मयेकरानं छाती फुगवली आणि लगेच हवा सोडली. “दोन वर्षं सोडवतोय. दोन्ही वर्षं नापास!”

धाकू गोटी सोडा भरणारा. वय चौसष्ट. दहावी साठाव्या वर्षी काढली. जीभ मात्र उपजत पदवीधर. आता मुक्त विद्यालयातून बारावी. उद्या रसायनशास्त्राचा पेपर, आणि ही शेवटची संधी.

समोर नाचणेबाई. शाळेतली नोकरी संपून वीस वर्षं झालेली, यजमान गेलेले. त्यांच्या ओसरीवर धाकूखेरीज कुणी चढत नसे.

बाईंनी वही ओढली. एक लिटरचं बंद भांडं. एक मोल हायड्रोजन, एक मोल आयोडीन. किती खर्च झाला, तिथं धाकूनं ऐटीत लिहिलं होतं… दीड.

“हायड्रोजन होता किती?”

“एक.”

“आणि खर्च झाला दीड?”

“वर्गसमीकरणाला उत्तरं दोन आली, बाई. मी मोठं घेतलं. गिऱ्हाइकाला कमी देऊ नये, हा आमच्या धंद्याचा धर्म.”

बाई हसल्या नाहीत. उठल्या. धाकूनंच आणलेली सोड्याची बाटली त्याच्या हातात दिली.

“दीड पी.”

“आं?”

“पी.”

धाकूनं गोटी दाबली. घटाघटा प्यायला. बाटली उलटी केली, झटकली…

बाई बघत राहिल्या.

“संपली, बाई.”

“अर्धी राहिलीय अजून.”

धाकूला हसता हसता असा ठसका लागला की सोडा नाकातून आला. डोळे पुसून त्यानं दीडवर काट मारली, दुसरं उत्तर घेतलं. पाऊण खर्च. उरला पाव.

त्या पावाभोवती त्यानं दोनदा चौकट काढली.

“जमलं की हो,” तो पुटपुटला. मग त्यानं वही मिटली. “चार वर्षं मी तुमच्या नकला केल्या, खोड्या काढल्या. आणि तुम्ही आपल्या देतच राहिलात. मी नुसता घेत आलो, बाई. तुम्हाला काय दिलं? सोडा! तोही मीच प्यायलो.”

तो पाया पडायला वाकला. बाईंनी त्याला दंडाला धरून उभं केलं.

“समतोलात बाण दोन्हीकडे जातात, धाकू. उद्या पेपरात असा एकतर्फी बाण काढलास, तर मार्क जातील.”