शालनताईंची चड्डी

कोल्हापुरात बापू इंगवले पैलवानांचं सायकलींचं दुकान होतं. तिथं सायकल विकत मिळायची आणि उपदेश फुकट.

निवृत्त नर्स शालनताई चौगुले तिथं गेल्या. तीन सायकली चालवून बघितल्या आणि पाय जमिनीला टेकतील अशी एक निवडली. मग म्हणाल्या, "आता ती आतून गादी लावलेली सायकलची चड्डी दाखवा. सीट फार टोचते."

पैलवान अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असे गरजले, "सिस्टर, साठी आली तुमची! बाईमाणसानं चड्डीवर गावातनं फिरायचं? लोक काय म्हणतील? साडी नेसून चालवा की!"

गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली.

शालनताईंनी वर बघितलं. भिंतीवर गणपतीपेक्षा मोठा फोटो होता. ऐन तारुण्यातले पैलवान, खांद्यावर गदा, अंगावर फक्त लंगोट.

"पैलवान," त्या म्हणाल्या, "माझी चड्डी निदान गुडघ्यापर्यंत येते. तुम्ही आधी त्या फोटोला धोतर नेसवा, मग मी साडीचं बघते."

पैलवानांनी चड्डी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी लाजेकाजेस्तव त्यांनी फोटोला गुडघ्यापर्यंत लोंबणारा झेंडूचा हार घातला. संध्याकाळपर्यंत निम्मी पेठ "पैलवान कधी गेले?" विचारत सांत्वनाला येऊन गेली.