उकंडा हे नाव

वऱ्हाडातल्या जहागीरदार रणधवलरावांना आपल्या नावाचा भारी डौल. त्यांच्या गावची विहीर चार उन्हाळे कोरडी पडली, तेव्हा उकंडा नावाच्या गवंड्याने नवी बारव बांधली आणि तिला झरझर पाणी लागलं. रिवाज असा, की बांधणाऱ्याचं नाव पहिल्या पायरीवर कोरायचं. पाथरवट छिन्नी घेऊन बसला, तोच जहागीरदारांनी त्याला थांबवलं आणि ते उकंडाला म्हणाले,

"उकंडा म्हणजे उकिरडा. माझ्या बारवेवर उकिरडा कोरायचा? दुसरं नाव घे, नाहीतर पायरी कोरीच राहील."

लोक हसले. उकंडा मात्र शांतपणे बोलला.

"सरकार, माह्या आधी मायले तीन पोरं झाले. हिरामण, मोतीराम, सोनाजी. नावं झकास, पण तिघंही वर्षाच्या आत गेले. मी झालो तवा मायनं मले उकिरड्यावर ठेवलं अन् कचरा म्हणून उचलून घरी आणलं. कचऱ्यावर यमाची नजर जात नाही म्हणे."

"अडाण्यांचे चाळे," जहागीरदार म्हणाले.

"असतीन. पण सरकार, तुमच्या नाकाले भोक हाय. तुमच्याही आधीचे गेले असतीन, म्हणून यमाले पोरगी वाटावी यासाठी आईसाहेबांनी तुम्हाले नथ घातली. त्यांच्यापाशी सोनं होतं, माह्या मायपाशी उकिरडा. भेव दोघींचं एकच."

जहागीरदारांचा हात नाकपुडीवर गेला आणि तिथेच राहिला. मग ते पाथरवटाला म्हणाले, "उकंडाच कोर. पण आधी त्याच्या आईचं नाव विचारून घे. ते वर येऊ दे."